थरथर

तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग आणि विजयदुर्गाहून गगनबावड्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. तिथून जवळच्याच एका गावात जत्रा होती. पालखी देवळात परतली की दशावतार सुरू व्हायचा.

कंपनीत एक पोरगा नवा होता. त्या रात्री त्याला पहिल्यांदाच अभिमन्यू मिळाला होता. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, कोण काय होणार ते ठरतं. बोलायचं ते ज्याचं त्यानं, तिथंच उभं राहून. तरी पोरगा दुपारपासून भाषणं रचून पाठ करत होता. अंधार पडला आणि पाठ केलेलं एकेक करून पुसून गेलं.

रंगपटात गणपतीची पूजा झाली. नट आपापला आरसा पुढ्यात घेऊन तोंड रंगवू लागले. पोराची भुवई तीनदा वाकडी गेली. त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

शेजारी म्हातारा नट बसला होता. त्यानं ते पाहिलं आणि काही न बोलता आपला हात उजेडात धरला. बोटं थरथरत होती.

"आबानू, तुमचोय हात कापता?"

"चाळीस वर्सां कापता. ती थरथर जावची वाट बघीत रवलंस तर रात सरात, झिला. तिका पायांत घे. मृदंग वाजलो की सोड. मगे फुडचो काय बोलता, ता आयक."

मृदंग वाजला. पोरगा पडद्याबाहेर आला आणि त्यानं पाय आपटला. थरथर खाली उतरली, तालात मिसळली. समोरून दुर्योधन गरजला. पोरानं ते नीट ऐकलं आणि उत्तर दिलं. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. अभिमन्यू पडला तेव्हा पुढं बसलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

भीतीनं धडधडणारी छाती आणि उत्साहानं धडधडणारी छाती, दोन्ही जवळजवळ सारख्याच. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात, भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणारे सरस बोलले. म्हाताऱ्याला हे पायांतून ठाऊक होतं. पण मला मोठा वाटतो तो त्यानं उजेडात धरलेला हात.

पहाटे दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. दुसऱ्या रात्री, दुसऱ्या गावात, पोरगा पुन्हा आरशासमोर बसला. बोटं थरथरत होती. त्यानं ती पाहिली, काजळाची काडी उचलली आणि भुवई काढायला घेतली.