सलाफहादाच्या कन्या आणि आपल्या कन्या

शास्त्रभाग : गणना 27:1-7, लूक 2:41-52, कलस्सैकरांस पत्र 3:21



इस्राएल लोक अरण्यांतील प्रवास संपवून मवाबाच्या मैदानांत उतरले होते. यार्देन नदीच्या पलीकडे वचनदत्त देश दिसत होता. लोकांची शिरगणती झाली होती, आणि कोणत्या कुळास किती वतन मिळावें ह्याचा नियमही ठरला होता. अशा वेळीं पांच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा हीं त्यांचीं नांवें. त्यांचा बाप सलाफहाद अरण्यांतच मरण पावला होता व त्यास पुत्र नव्हता. वतन पुत्रांस मिळावयाचें, म्हणून ह्या कन्यांच्या हातीं कांहींच येणार नव्हतें, आणि बापाचें नांव त्याच्या कुळांतून पुसलें जाणार होतें. मोशे, एलाजार याजक, सरदार व सारी मंडळी समोर असतां ह्या मुलींनीं विचारलें कीं, असें कां व्हावें?

वाचकहो, ह्या ठिकाणीं क्षणभर थांबा. आपल्यापैकीं किती बापांनीं, किती उपदेशकांनीं, आणि मजसारख्या किती पाळकांनीं त्यांस तेथेंच गप्प बसविलें असतें! नियम देवाचा, तो सांगणारा मोशे, आणि प्रश्न करणार ह्या पोरी! परंतु मोशेनें त्यांस दटाविलें नाहीं. आपणांस उत्तर ठाऊक आहे असेंही त्यानें भासविलें नाहीं. त्यानें त्यांचें म्हणणें परमेश्वरापुढें नेलें. आणि परमेश्वरानें जो निवाडा दिला तो त्या मुलींच्या बाजूचा होता.

हा शास्त्रभाग मी आज कां घेतला हें आतां सांगतों. ह्यांत माझी चूक आहे, ती लपवावी असें मला वाटत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या देखरेखीखालील एका गांवीं एक उपदेशक होते. मनुष्य प्रामाणिक, कष्टाळू, व प्रार्थनेंत नियमित. त्यांच्या घरीं पहांटे व रात्रीं उपासना होत असे. मुलांनीं पाठ केलेलीं वचनें रोज म्हणून दाखवावीं, यात्रेच्या दिवसांत वेशीबाहेर पाऊल टाकूं नये, आणि जात्यावर ओंव्या म्हणूं नयेत, असा कडक शिरस्ता होता. त्यांची थोरली मुलगी पंधरा वर्षांची होती. वचनें पाठ म्हणण्यांत शब्बाथशाळेंत तिच्या पुढें कोणी नव्हतें. पुनरुत्थानाच्या सणास तिला प्रभुभोजनाच्या सहभागितेंत घ्यावयाचें ठरलें होतें. सण आठ दिवसांवर आला असतां तिनें घरांत सांगितलें कीं, मी उभी राहणार नाहीं.

बापानें कारण विचारलें. तेव्हां ती म्हणाली, “बाबा, आजी बाप्तिस्मा न घेतां गेली. ती नरकांत आहे असें तुम्ही उपासनेंत सांगतां आणि आम्ही सर्वांनीं आमेन म्हणावयाचें. तिनें मला आपल्या ताटांतली भाकर दिली, जात्यावर बसवून ओंव्या शिकविल्या. त्या ओंव्यांत माहेर होतें, भाऊ होता, पाऊस होता. त्यांत पाप कोणतें? मला हें कळत नाहीं, आणि कळल्यावांचून मी मंडळीपुढें होय म्हटलें तर तें खोटें होईल.”

बापानें तिला मारलें. घरांत दोन दिवस कोणी तिच्याशीं बोललें नाहीं. उपदेशकाची मुलगीच मागें राहिली तर गांव काय म्हणेल, साहेब काय म्हणतील, ह्या भयानें ते मजकडे धांवत आले. मी गेलों. मुलीस समोर बसविलें, आणि तिचा प्रश्न पुरता ऐकण्यापूर्वींच मी तिला अहंकाराच्या पापाविषयीं उपदेश केला. प्रश्नोत्तरावली पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढ म्हणून तिला आज्ञा केली व परत आलों. पुढल्या आठवड्यांत वही आली. अक्षर मोत्यासारखें, एक काना इकडचा तिकडे नाहीं. शेवटच्या पानावर तिनें एकच ओळ आपली लिहिली होती : “पाळकसाहेब, ह्यांतील सर्व उत्तरें मला पूर्वींच येत होतीं, माझा प्रश्न ह्यांत नाहीं.”

ती ओळ मला दटावणीसारखी लागली. त्या रात्रीं मी गणना पुस्तकाचा हा अध्याय उघडला, आणि मोशेनें जें केलें तें मी केलें नाहीं हें मला दिसून आलें. तेव्हांपासून ह्या पांच बहिणींविषयीं मला जें समजलें तें तीन गोष्टींत सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, प्रश्न करणें आणि बंड करणें हीं दोन भिन्न आहेत. त्या मुली स्वतःच मोशेला सांगतात कीं, आमचा बाप कोरहाच्या टोळींत नव्हता. कोरहाचें बंड ह्याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांत आहे. कोरहास मोशेची जागा पाहिजे होती. सलाफहादाच्या कन्यांस आपल्या लोकांमध्यें जागा पाहिजे होती. कोरहानें जमाव जमवून मोशेविरुद्ध उठाव केला. ह्या मुली दर्शनमंडपाच्या दाराशीं, सर्वांसमक्ष, सरळपणें बोलल्या. बाप स्वतःच्या पापामुळें मेला हेंही त्यांनीं झांकलें नाहीं. आपण घाईनें प्रत्येक प्रश्नास कोरहाचें बंड समजतों. ज्या मुलीस मंडळी नको आहे ती विचारीत बसत नाहीं. ती मुकाट्यानें मान डोलावते आणि लग्न होऊन गेल्यावर पुन्हां प्रार्थनामंदिराची पायरी चढत नाहीं. जी विचारते ती वतन टाकून देत नाहीं. ती वतनाचा आपला वांटा मागत असते.

दुसरी गोष्ट ही कीं, आपल्यांतील बहुतेकांच्या घरांत ख्रिस्ताचें नांव एका प्रश्नाच्या वाटेनेंच आलें. पंडिता रमाबाईंचें चरित्र आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म 1858 सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व आचारनिष्ठ. लोकांचा विरोध सोसून त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें मुलीस पुराणें शिकविलीं. सारें कुटुंब तीर्थयात्रा, उपास व दानधर्म करीत फिरलें. 1874 सालच्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, तेव्हां रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास व त्या, दोघें पायीं देशभर फिरलीं. एका तीर्थाच्या सरोवरांत पाण्यावर तरंगणारे सात पर्वत आहेत व ते पुण्यवंताकडे आपोआप येतात असें ऐकून तीं तेथें गेलीं. पाण्यांत सुसरी आहेत, आंत उतरूं नका, असें पुजाऱ्यांनीं बजाविलें. तरी पहांटे भाऊ पोहत गेला आणि पाहतो तों तराफ्यावर माती व दगड रचून वर झाडें लाविलेलीं! ही हकीकत रमाबाईंनीं आपल्या साक्षीच्या पुस्तकांत स्वतः लिहिली आहे. अशा अनुभवांनीं त्या कोवळ्या वयांत जुन्या श्रद्धेचे बांध एकेक सुटत गेले. पुढें 1883 सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट मी शेजाऱ्यांची थट्टा करण्यासाठीं सांगत नाहीं. तराफ्यावरची टेंकडी आपल्याही अंगणांत असूं शकते. देवानें न सांगितलेला नियम आपण देवाच्या नांवावर उभा करतों, आणि कोणी हात लावूं नये म्हणून सुसरींचें भय घालतों. जात्यावरची निर्दोष ओंवी पाप आहे असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग आणि भजन ख्रिस्ताच्या चरणीं वाहिलें, तेव्हां तीं अशुद्ध झालीं नाहींत. आपली उपासना मात्र समृद्ध झाली.

आणखी एक ध्यानांत घ्या. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंचे प्रश्न संपले नाहींत. ज्या भगिनींनीं त्यांस आश्रय दिला त्यांच्याशींच त्यांचा त्रैक्याविषयीं व मंडळीच्या अधिकाराविषयीं पत्रांतून वाद झाला. आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता पण स्वतः ख्रिस्त सांपडला नव्हता, हें बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं कळलें, असें त्या म्हणतात. आठ वर्षें! आणि आपण पंधरा वर्षांच्या मुलीस आठ दिवसही देत नाहीं. ज्या बाईंनीं पुढें केडगांवास मुक्तिसदन उभारून दुष्काळांतील शेंकडों अनाथ मुलींस आसरा दिला, आणि मूळ भाषांतून पवित्र शास्त्र मराठींत आणण्यासाठीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें वेंचलीं, त्यांस कोणी प्रश्नाच्या पहिल्याच दिवशीं मुकें केलें असतें तर आपलें केवढें नुकसान झालें असतें!

तिसरी गोष्ट ही कीं, ठाऊक नाहीं असें म्हणण्यानें बापाची किंवा पाळकाची योग्यता कमी होत नाहीं. मोशे देवाशीं समोरासमोर बोलणारा. तरी तोही त्या मुलींचा वाद परमेश्वरापुढें घेऊन गेला. मी त्या गांवीं पुन्हां गेलों. प्रथम त्या मुलीची क्षमा मागितली. मग बाप व मुलगी यांस एकत्र बसवून उत्पत्तीचा अठरावा अध्याय काढला. अब्राहाम सदोमासाठीं देवापुढें उभा राहून विचारतो कीं, साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय कसा करील? मी म्हणालों, “मुली, तुझ्या आजीचें काय झालें हें मला ठाऊक नाहीं, आणि ठाऊक आहे असें म्हणण्याचा मला अधिकारही नाहीं. ख्रिस्तावांचून तारण नाहीं हें मी शिकवितों व शिकवीत राहीन. परंतु न्यायासन त्याचें आहे, माझें नाहीं. त्या आसनावर जो बसला आहे त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत; तुझी आजी त्याच्या हातीं आहे.”

तेव्हां बापाकडे पाहिलें तों ते डोकें गुडघ्यांत घालून रडत होते. ती आजी त्यांची स्वतःची आई होती. ते ख्रिस्ती झाले त्या दिवसापासून तिनें त्यांस चुलीपाशीं येऊं दिलें नव्हतें. नातीस मात्र मांडीवर घेतलें. आईच्या मरणाचें दुःख त्यांनीं बारा वर्षें कडकपणाखालीं पुरून ठेविलें होतें, आणि रोज उपासनेंत तेंच वाक्य उच्चारून स्वतःसच दगड मारीत होते. ते म्हणाले, “पोरी, मलाही ठाऊक नाहीं गं.” त्या घरांत ते शब्द प्रथमच उच्चारले गेले. मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

ती मुलगी पुढल्या सणास सहभागितेंत आली, असें मी लिहिलें असतें तर तुम्हांस बरें वाटलें असतें. ती आली नाहीं. ती दर रविवारीं येत राहिली, मागच्या चटईवर बसून ऐकत राहिली. दोन वर्षांनीं ती आपण होऊन उभी राहिली, आणि मंडळीपुढें होय म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. पण त्यांत उसनें कांहीं नव्हतें.

बापांनो, पौल कलस्सै येथील मंडळीस लिहितांना बापांस ताकीद देतो कीं, लेंकरांस इतकें चिडवूं नका कीं तीं खचून जातील. शिस्त सोडा असें मी म्हणत नाहीं. शेतास बांध पाहिजेच. पण पाणी वाहून जाऊं नये म्हणून तो घालावयाचा, पाणी आंत येऊंच नये म्हणून नव्हे. घरच्या उपासनेनंतर आठवड्यांतून एक रात्र अशी ठेवा कीं, त्या वेळीं मुलांनीं विचारावें व तुम्हीं ऐकावें. विचारल्याबद्दल मारूं नका. उत्तर येत नसेल तर तसें सांगा, आणि दोघें मिळून शास्त्र उघडा. उपदेशक बंधूंनो, आपल्या घरच्या मुलांवर गांवाच्या लौकिकाचें ओझें घालूं नका. देवाला तुमचें घर खरें पाहिजे.

आणि मुलींनो, तुम्हांसही एक शब्द. आपला प्रभु बारा वर्षांचा असतां मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. दोन्ही करीत होता, हें विसरूं नका. त्यानंतर तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. सलाफहादाच्या कन्या वतन मिळाल्यावर छावणी सोडून गेल्या नाहींत. पुढें विवाहाविषयीं जी मर्यादा घालण्यांत आली ती त्यांनीं मान्य केली. विहिरीवर कुजबुजूं नका, मनांत कुढूं नका. दर्शनमंडपाच्या दाराशीं या. तेथें विचारलेला कोणताही प्रश्न देवास जड जात नाहीं.

हे प्रभो, आम्हांस मोशेचें नम्र अंतःकरण दे. आमच्या कन्या तुझ्या दाराशीं उभ्या आहेत. आम्ही मध्यें भिंत होऊं नये, त्यांस तुजपर्यंत आणणारे व्हावें, असें कर. आमेन.