रसाची नळी

बारडोलीच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नंदुरबारकडचे दोन भाऊ कामाला होते. गाळपाच्या हंगामात उसाच्या रसाचा ‘पोल’ काढायचा, म्हणजे रसात साखर किती ते पाहायचं. निवळलेला रस लांब नळीत भरायचा आणि त्यातून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश सोडायचा. त्या प्रकाशाचं कंपन आधी ध्रुवकाने एकाच प्रतलात आणलेलं असतं. साखर ते प्रतल उजवीकडे वळवते. साखर जास्त, तर कोन मोठा. पलीकडचा संवेदक तो टिपतो.

नळी थोरल्याकडे होती. तो म्हणे, “कंपनाचं प्रतल वळतं, म्हणजे प्रकाश लाटच.”

संवेदक धाकट्याकडे. “दादा, इथं प्रकाशाचा एकेक कण येऊन एकेका इलेक्ट्रॉनला मोकळं करतो. आइन्स्टाइनने १९०५ सालीच सांगितलंय. प्रकाश कणच.”

वाद एवढा पेटला की दोघांनी एका डब्यात जेवणं सोडलं.

म्हाताऱ्या केमिस्टकाकांनी एक नमुना पुढे ठेवला. “ज्याचं खरं, त्याने एकट्याने पोल काढावा.”

धाकट्याने नळीशिवाय संवेदक चालवला. प्रकाश आला एवढंच कळलं, साखरेचा पत्ता नाही. थोरल्याने संवेदक बाजूला सारून जुन्या यंत्राला डोळा लावला. काका म्हणाले, “डोळ्याचा पडदाही प्रकाश कणाकणानेच शोषतो रे. भावाचं म्हणणं तू डोळ्यातच घेऊन बसलायस. वाटेत कसा गेला विचारलं, तर लाटेचं उत्तर मिळतं; कुठं पोचला विचारलं, तर कणाचं. आपल्याला मिळालेलं उत्तर खरं असतं. तेवढंच खरं, हा हट्ट खोटा.”

“म्हणजे नळीत लाट, संवेदकात कण, असं वाटून घ्यायचं?” धाकट्याने विचारलं.

इथं हो म्हटलं असतं तर भांडण मिटलं असतं. काकांनी तसं केलं नाही, यातच मला त्यांचं मोठेपण दिसतं. “नाही,” ते म्हणाले. “१९०९ साली केंब्रिजच्या जेफ्री टेलरने सुईच्या सावलीचा फोटो काढला. प्रकाश इतका मंद, की यंत्रात एका वेळी जेमतेम एखादा कण असावा. फोटोच्या काचेवर चित्र उमटायला महिने लागले. तरी लाटा एकमेकींत मिसळल्यावर पडतात ते पट्टे तसेच उमटले.”

“मग तो एकटा कण मिसळला कुणाशी?”

या वेळी दोघांचा प्रश्न एकच होता. तो घोळवतच थोरल्याने नळी बसवली आणि धाकट्याने आकडा वाचून रजिस्टरात लिहिला.