वडिलांच्या ट्रंकेतील काडतुसे

वडिलांच्या पश्चात त्यांची ट्रंक उघडावी आणि पेन्शनचे कागद व जुना खाकी कोट यांच्या तळाशी दोनचार पितळी काडतुसे हाती यावीत, हा प्रसंग सरकारी नोकरीत गावोगाव फिरलेल्या घरांना सर्वस्वी अपरिचित नाही. काशीतल्या मराठी माणसाला अशा वेळी पहिली आठवण होते ती गंगेची. जिथे अस्थी सोडल्या तिथेच हेही सोडावे. वडिलांच्या नावाला चौकीची पायरी नको! या विचारामागील पितृप्रेम खोटे नाही, पण तो मला पटत नाही. काडतूस पाण्यात विरत नाही. ते केवळ आपला मालक बदलते, आणि उद्या घाटावर नाण्यांसाठी बुड्या मारणाऱ्या एखाद्या पोराच्या मुठीत येते.

इतक्या जुन्या वस्तूत आता काय उरले, असे कोणी म्हणेल. तेच तर आधी ठरवावयाचे असते. थ्री नॉट थ्रीचे काडतूस बुडाशी काठ असलेले व मानेशी निमुळते असते. बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे असली तर ते खडकीच्या कारखान्यातले. अंक वर्षाचे, आणि रोमन सात हा नमुन्याचा क्रमांक. पुत्राचे मन त्या ४३ मधून ब्रह्मदेशची सारी मोहीम उभी करू पाहते. परंतु ही अक्षरे जन्मगाव सांगतात, प्रवास सांगत नाहीत. वडिलांनी ते का जपले हे तर मुळीच नाही. ते जिवंत आहे की नाही, हेही त्यांवरून कळत नाही. ऐंशी वर्षे कोरड्या ट्रंकेत राहिलेली दारू पेटू शकते. (तोफेचा गोळा वा हातबॉम्ब असल्यास ओळख पटविण्याच्या मोहाने हातही लावू नये, पोलिसांनाच तिथे बोलवावे.)

अमृतराव घाटावर हा विषय निघाला की कर्वीची आठवण टळत नाही. ज्या अमृतराव पेशव्यांचे नाव या घाटाला आहे, त्यांनी १८०३ साली इंग्रजांशी करार करून सालिना सात लाखांचे वेतन स्वीकारले. १८२४ साली ते वारले. पुढे जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉक कर्वीला त्यांच्या वारसांच्या वाड्यात शिरला, तेव्हा तिथे तोफा, गोळे, दारू आणि अपार द्रव्य सापडले. त्यांतले वडिलोपार्जित किती आणि नारायणरावांनी त्या धामधुमीत जमविलेले किती, हा भेद करण्याचे जेत्यांना कारणच नव्हते. त्यांच्या लेखी ती सारी लूट. तिच्या वाटणीचा तंटा मात्र लंडनच्या न्यायालयात १८६६ पर्यंत चालला! वारसाने वेळीच न सांगितलेली हकीकत पेटी उघडणारा आपल्या सोयीने सांगतो.

१९५९ चा शस्त्र कायदा अशी वस्तू विनाविलंब जवळच्या ठाण्यात जमा करावयास सांगतो. तिथे हवालदार विचारील, कुणाची, कशी आली? पुत्राने वडिलांची वकिलीही करू नये आणि चौकशीही. संख्या, बुडावरची खूण, सापडल्याची जागा आणि वडिलांच्या निधनाची तारीख एवढे लिहून द्यावे व पोच घ्यावी. तो खाकी कोट घरी ठेवावयास कुणाचीच हरकत नाही.