न विचारलेल्या प्रश्नांचा नफा

किराणा दुकानात पुड्यावर किंमत छापलेली असते आणि गिऱ्हाईक ती वाचून पैसे देतं. भंगारात सगळं उलटं. पैसे मी देतो, आणि समोरच्याला आपल्याच वस्तूची किंमत ठाऊक नसते. दर माझा, काटा माझा, पत्रा कुठला आणि बीड कुठलं हे ठरवणारी नजरही माझीच. मालवण-कसाल रस्त्याला लागून पत्र्याची शेड घालून मी हा धंदा सुरू केला, तेव्हा भांडवलाची काळजी होती, जागेची होती, टेम्पोच्या हप्त्याची होती. हातात आलेल्या या एकतर्फी अधिकाराची मुळीच नव्हती. आता धंदा स्थिरावला आहे, आणि वही मिटताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. हा जो नफा उरला, तो नेमका कशाचा?

त्याचे मी तीन भाग पाडतो. पहिला कष्टाचा: गोळा करणं, निवडणं, फोडणं, भरणं. दुसरा जोखमीचा: लोखंडाचा भाव एका रात्रीत पडतो, खारा वारा पत्रा खातो, जून-जुलैत मासेमारी बंद असली की बंदरावरून काहीच येत नाही, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीकडे निघालेली गाडी पावसात घाटात अडकते. तिसरा भाग समोरच्याच्या अज्ञानाचा. पहिल्या दोहोंवर मी हक्क सांगू शकतो. तिसऱ्यावर कुठल्या न्यायाने सांगायचा, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

आमच्या किनाऱ्यावर या तिसऱ्या भागाला भरपूर वाव आहे. वर्षातले बरेच महिने कुलूप असलेली घरं गावोगाव आहेत. चाकरमानी चतुर्थीला नाहीतर मे महिन्यात येतात, माळ्यावरचं सामान खाली काढतात आणि अंगणात ढीग लागतो: पाणी तापवायचा तांब्याचा बंब, घंगाळ, हंडे, काशाची ताटं, मोडक्या समया. त्यांना परतीची गाडी गाठायची असते. ‘सगळं मिळून काय ते सांगा’, असं ते म्हणतात. हे शब्द ऐकले की मला बरं वाटतं, कारण उक्त्या सौद्यात काशाचं ताट पितळेच्या भावात येतं. काशात कथील असतं, पितळेत जस्त. कथील महाग, म्हणून काशाचा भाव चढा. हे मला ठाऊक आहे, मुंबईच्या खोलीत वाढलेल्या नातवाला नाही. आजी असती तर तिने ताट बोटाने वाजवून दाखवलं असतं आणि माझी बोलती बंद केली असती.

गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची गोष्ट याहून अवघड. एखादी आये कळशी पुढे करून विचारते, “बाबू, ह्याचे किती देतलंस?” घासाघीस ती करत नाही. औषधाला पैसे हवे आहेत हे तिच्या घाईवरून कळतं, आणि ते कळलं की तोंडाशी आलेला आकडा खाली उतरतो. समोरच्याची नड दिसली तर दर वाढावा की उतरावा? बाजार म्हणतो, उतरावा. मी बाजाराचंच ऐकत आलो आणि त्याला व्यवहार म्हणत आलो.

वजनाच्या बाबतीत मी स्वतःला सज्जनांत मोजत होतो. काटा इलेक्ट्रॉनिक, वैधमापन खात्याने दर वर्षी तपासून शिक्का मारलेला. पण पुठ्ठा ओला आहे, जाळ्यात वाळू आहे, पिंपाच्या तळाला डांबर आहे, असं म्हणून मी ‘घट’ कापतो. घट खरीच असते. ती किती, हे मात्र नजरेने ठरतं. ही नजर आजवर कधी देणाऱ्याच्या बाजूने चुकली आहे का, असं आठवून पाहिलं. एकदाही आठवलं नाही. अंदाज खरोखर चुकत असेल तर तो कधी इकडे, कधी तिकडे चुकायला हवा. कायम एकाच बाजूला चुकत असेल, तर ती चूक नव्हे, ते धोरण आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. छपरं उडाली, होड्या फुटल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. भंगारवाल्यांची ती सुगी होती. असं लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. वाकलेले पत्रे, अँगल आणि इंजिनांचे तुकडे यांच्या मागोमाग रात्री उशिरा तारेची भेंडोळी यायला लागली. अ‍ॅल्युमिनियमचे पेड आणि मधोमध पोलादाची तार. असली तार खांबावरच असते, घरात कुणाच्या नसते. ‘घरातलीच आहे’ म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. मी ती घेतली नाही, आणि बरेच दिवस त्याचा तोरा मिरवला.

पुढे स्वतःलाच विचारलं, तो नकार कशातून आला होता? गाव अंधारात असताना गावाचीच तार विकत घेणं वाईट, म्हणून? की चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद सांगणारं दंड संहितेचं कलम ४११ आठवलं, म्हणून? ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१७ झालं आहे, माझी भीती तीच आहे. ती भीतीच होती हे ओळखायला फार खोल जावं लागत नाही. ज्या मालावर मालकाची खूण नसते, त्याच्याबाबत मी एवढा चौकस कधीच नव्हतो. पितळी तोट्या, पंपातलं तांबं, बाकांचे लोखंडी पाइप. ‘कुठून आणलंस?’ हा प्रश्न मी माल बघून विचारायचो किंवा गिळायचो.

दर हासुद्धा एक हुकूमच असतो, हे समजायला मला वेळ लागला. सोललेल्या तांब्याच्या तारेला जास्त दर, वेष्टनासकट वायरला बराच कमी. वायर जाळा, असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. दोन दरांमधल्या अंतराने ते पोरांना सांगितलं. संध्याकाळी खाडीच्या कडेला धूर उठतो, पीव्हीसी जळतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखी विषं हवेत जातात, आणि सकाळी काळवंडलेलं तांबं काट्यावर येतं. आग मी लावली नव्हती, भाव मी लावला होता.

बॅटऱ्यांचंही तसंच. होड्यांच्या आणि टेम्पोच्या जुन्या बॅटऱ्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच पोचायला हव्यात. आम्ल ओतून टाकलं की वाहून न्यायला सोपं आणि शिसं हाती राहतं, म्हणून वाटेत काय होतं हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आमची जमीन जांभ्याची, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. वर जे सांडतं ते झिरपून विहिरीत उतरतं. माझ्या शेडमध्ये बॅटरी फुटत नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. ज्याला विकतो तो काय करतो, हे मी विचारलेलं नाही. न विचारणं मला परवडतं.

तरीही लोक कौतुकाने म्हणतात, तुम्ही पर्यावरणाचं काम करता. तेव्हा मला वेंगुर्ला आठवतं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने घरातूनच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात वापरलं आणि डंपिंग ग्राउंडची अशी जागा केली की लोक ती बघायला जाऊ लागले. त्यांना विकलं न जाणाराही कचरा उचलावा लागतो. मी फक्त भाव असलेला उचलतो. तारकर्ली-देवबागच्या पर्यटकांच्या पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे येतात, वेफर्सची थराथरांची पाकिटं वाळूतच राहतात. किनारा माझ्यामुळे थोडा स्वच्छ होतो हे खरं, पण ते माझ्या हेतूत कधीच नव्हतं. त्याचं श्रेय घ्यायला मात्र मी मागे राहिलो नाही.

नफ्याचा पहिला भाग कष्टाचा, असं मी वर म्हटलं. ते कष्ट कुणाचे? दिवसभर उकिडवं बसून प्लास्टिक वाकवून, वाजवून त्याची जात ओळखणाऱ्या बाया माझ्या शेडमध्ये आहेत. फुटकी काच त्यांच्या हाताला लागते. मी हातमोजे आणून दिले. उकाड्यात ते घालून काम होत नाही, हे दिसत असूनही ‘मी दिलेत’ एवढ्यावर माझं कर्तव्य संपलं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्यांना ओळखपत्रं मिळाली, ती हे काम आहे असं जगाने मान्य करावं यासाठी. माझ्याकडच्या बायांची ओळख म्हणजे हजेरीच्या वहीतलं नाव. तेही नुसतं पहिलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मालवणातल्या एका भंगाराच्या दुकानावर बुलडोझर चालला. दुकानदाराच्या घरच्यांविरुद्ध देशविरोधी घोषणाबाजीची तक्रार झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बांधकाम अनधिकृत म्हणून पाडलं गेलं; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय पाडकाम करू नका, असं त्याच न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगून ठेवलं होतं. तक्रारीचं खरंखोटं ठरवणं माझं काम नाही. बातमी कळल्यावर माझ्या मनात काय काय आलं, त्याचा हिशेब मात्र मलाच द्यायचा आहे. आधी आलं, आपल्या शेडचे कागद पुरे आहेत का? मग आलं, तिकडे जाणारा माल आता कुणाकडे वळेल? आपल्याच धंद्यातल्या माणसाचं पुढे काय होणार, हा विचार सगळ्यात शेवटी आला. टपरीवर विषय निघाला तेव्हा मी मोबाइल चाळत राहिलो. मी इथला, माझ्या शेडला कोण हात लावतो, हा भरवसा त्या गप्प बसण्यामागे होता.

गेल्या काही काळात मी थोडं बदललं. दारावर दराचा फळा लावला, त्यावर काशाचा दर पितळेहून वेगळा लिहिला. उक्ता सौदा बंद केला. वायर सोलायचं यंत्र आणलं, वेष्टनासकट वायरचा दर वाढवला आणि जाळलेलं तांबं घेणं थांबवलं. माल देणाऱ्याचं नाव वहीत उतरवू लागलो. त्यामागेही निव्वळ सदसद्विवेक नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा असं झालं, तेव्हापासून वरचा व्यापारी तपशील मागू लागला होता. खाडीकाठचा धूर पुरता थांबलेला नाही. ते तांबं आता दुसरीकडे जातं. माझं उत्पन्न घटलं, हे वहीत दिसतं.

म्हणून मन निवांत झालं का? तसंही नाही. फळा लावणं सोपं, कारण तो सगळ्यांना एकच आकडा दाखवतो आणि ठरवण्याचं ओझं माझ्या डोक्यावरून उतरवतो. पण कळशी पुढे करणाऱ्या आयेची नड फळ्याला दिसत नाही, मला दिसते. फळ्यावरचा दर दिला की मी बाजाराशी प्रामाणिक राहतो. तिच्याशी प्रामाणिक राहायचं तर आधी विचारावं लागेल की कळशी विकायलाच हवी का, आणि ती नाही म्हणाली तर रिकाम्या हाताने परतावं लागेल. तो प्रश्न विचारायला मी अलीकडेच सुरुवात केली आहे. विचारताना अजूनही मनात असतं की उत्तर ‘हो’ यावं.