उल्लंघन आणि कपट : स्पीडरनिंगच्या निमित्ताने

नियम मोडणे आणि फसवणे या दोन कृतींची नैतिक विचारात अनेकदा सरमिसळ होते. ‘रडीचा डाव’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दोन्ही असतात. या दोहोंतील अंतर ज्या छंदात विलक्षण स्पष्टपणे दिसते, तो साहित्यसमीक्षेच्या वर्तुळात फारसा परिचित नाही. एकच व्हिडिओ गेम हजारो वेळा खेळून तो कमीत कमी वेळात पुरा करणे आणि त्या डावाचे चित्रण इतरांच्या तपासणीसाठी खुले ठेवणे, असे स्पीडरनिंगचे स्वरूप सांगता येईल.

निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हे यातील अभिजात उदाहरण. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या या गेमची संपूर्ण संहिता सुमारे ४० किलोबाइटांत मावते. सामान्य खेळाडूला त्यात भिंती, नळ, शत्रू आणि किल्ले दिसतात. स्पीडरनरला आज्ञावलीचा व्यूह दिसतो. पडदा किती सरकला आहे यावरून नळाचे दुसरे टोक कोठे उघडणार हे ठरते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून पडदा पुरेसा सरकण्यापूर्वीच तो नळात शिरतो आणि त्या नळासाठी न योजलेल्या ठिकाणी जाऊन पोचतो. नेमक्या जागी, नेमक्या क्षणी उडी घेतली तर भिंतीतूनही जाता येते. अशा फटींना ग्लिच म्हणतात.

निर्मात्याचा हेतू प्रमाण मानला तर ही सारी लबाडीच ठरेल. परंतु विम्झट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली हेतुदोषाची चर्चा केल्यापासून लेखकाच्या हेतूचा असा अंतिम अधिकार समीक्षेने सहजासहजी मान्य केलेला नाही. त्या अर्थाने स्पीडरनर हा कडवा संहितानिष्ठ वाचक आहे. आज्ञावलीत जे आहे तेवढेच तो मानतो. इतके निकट वाचन किती समीक्षकांच्या हातून होते, हा प्रश्न येथे बाजूला ठेवलेला बरा.

योहान हाइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात फसवणारा आणि खेळ उधळणारा यांत भेद केला आहे. फसवणारा नियम पाळल्याचे सोंग तरी करतो, त्यामुळे खेळाचे जग शाबूत राहते. उधळणारा ते जगच नाकारतो. भिंतीतून जाणारा स्पीडरनर यांपैकी कोणीच नव्हे. त्याने जुन्या खेळाच्या पोटात दुसरा खेळ मांडलेला असतो आणि त्याचे नियम खेळणाऱ्यांनी आपसांत वाद घालून ठरविलेले असतात.

तरीही केवळ संहितानिष्ठेने प्रश्न सुटत नाही. मूळ कंट्रोलरवरील अधिकचिन्हाच्या आकाराची कळ अशी घडविली आहे की डावी आणि उजवी दिशा एकदम दाबली जाऊ नये. संगणकाच्या कळफलकावर मात्र त्या दाबता येतात. आज्ञावली त्या मुकाट्याने स्वीकारते आणि खेळणाऱ्याला वेळेचा लाभ होतो. संहितेची याला हरकत नाही, स्पीडरनरांची आहे. माणसाने खेळलेल्या डावात ही युक्ती निषिद्ध आहे. भिंतीतून गेलेले चालते आणि दोन कळा एकदम दाबलेल्या चालत नाहीत! पण संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक क्षणाची कळ आधीच ठरवून रचलेल्या, ‘टूल-असिस्टेड’ म्हणविल्या जाणाऱ्या डावांत हीच युक्ती उघडपणे वापरली जाते आणि वाखाणलीही जाते.

नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो. चित्राची बनावट प्रत निघू शकते, कारण ते कोणाच्या हातून उतरले हा त्याच्या ओळखीचाच भाग असतो. स्वरलिपीत लिहिलेल्या रचनेची बरहुकूम नक्कल ही मात्र त्या रचनेचीच आणखी एक प्रत ठरते. कळा दाबण्याचा क्रम स्वरलिपीसारखा आहे. समजा, एकच क्रम एकदा संगणकाने आणि एकदा माणसाच्या बोटांनी पुरा केला, तर पडद्यावर तसूभरही फरक दिसणार नाही. तरी संगणकाचा डाव संगणकाचा म्हणून मांडला तर ती विद्वत्ता, माणसाचा म्हणून मांडला तर कपट. नैतिक मूल्य जेथे पालटते ती जागा संहितेत नाही, रूपातही नाही. डावाविषयी खेळणारा पाहणाऱ्याला जे सांगतो त्या कथनात ती आहे. रूपवादी समीक्षेला हे पचविणे कठीण जाईल.

या कथनाला साक्षी कोण? ‘अटारी २६००’ वरील ‘ड्रॅगस्टर’ (१९८०) या शर्यतीच्या गेममध्ये ५.५१ सेकंदांचा १९८२ सालचा विक्रम एका खेळाडूच्या नावावर होता; गिनेसनेही तो मानला होता. २०१७ मध्ये एका स्पीडरनरने आज्ञावली उलगडून गणित मांडले, तेव्हा ५.५७ च्या खाली जाणे शक्य नसल्याचे निघाले. २०१८ मध्ये ‘ट्विन गॅलक्सीज’ या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने विक्रम रद्द केला. निर्मात्याचा हेतू ज्यांनी बाजूला सारला, त्यांनीच त्याच्या संहितेला साक्षीस उभे केले.

एवढा खटाटोप कशासाठी, हा आक्षेप ठरलेलाच आहे. ‘मारिओ’मध्ये सेकंदाला सुमारे ६० चौकटी पडद्यावर येतात आणि शेवटची पातळी सोडली तर पातळी संपल्याची दखल दर २१ चौकटींनी घेतली जाते. तो टप्पा हुकला तर मधे वाचविलेल्या चौकटी वाया जातात. हा गेम ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत पहिल्यांदा संपला तो २०२१ साली. बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) मध्ये अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करणे हेच खेळाचे लक्षण मानले आहे. शार्दूलविक्रीडित पत्करणारा कवीही वेगळे काय करतो? अशा निरुपयोगी निष्ठेत कपट अधिकच गंभीर ठरते. लबाडीने मिळविलेला पैसा निदान खर्चता येतो, पदवी मिरविता येते. येथे थोडीबहुत कीर्ती वगळता त्या कृतीखेरीज हाती लागण्यासारखे काही नसतेच. ती कृतीच घडली नसेल तर मागे काय उरणार?

ज्या विभागात ग्लिच वर्ज्य मानले जातात तेथे मात्र हद्दपार केलेला हेतू मागल्या दाराने परत येतो. ग्लिच कशाला म्हणावे? निर्मात्याला जे अभिप्रेत नव्हते त्याला, असे उत्तर दिले की निर्मात्याचे मन जाणण्याचा जुना पेच उभा राहतो. स्पीडरनर तो तात्त्विक पातळीवर सोडवीत बसत नाहीत. ते एकेका गेमसाठी वर्ज्य युक्त्यांची यादी करतात, नवी युक्ती सापडली की पुन्हा भांडतात आणि यादीत एक ओळ वाढवितात.