मार्क वाया कसे जातात?

“एवढे मार्क पडलेत, आता वाया घालवू नकोस.”

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. काका म्हणतात, क्लासचे सर म्हणतात, नीट किती मार्कांची असते हे माहीत नसलेले शेजारीही म्हणतात. (७२० ची असते.) वाक्य इतकं सवयीचं झालंय की त्यातल्या ‘वाया’ या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. अन्न वाया जातं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात गेलं असतं. नळ उघडा राहिला की पाणी वाया जातं. पण मार्क नासत नाहीत, सांडत नाहीत, उरलेले धाकट्या भावाला देता येत नाहीत. मग साडेपाचशे मार्क मिळवलेली मुलगी एमबीबीएस सोडून दुसरं काही शिकायला गेली, तर नेमकं काय वाया जातं?

मला वाटतं, आपण मार्कांना नोट समजतो आणि कटऑफला किंमत. खिशात पाचशेची नोट असताना दोनशेची वस्तू घेतली तर तीनशे परत मिळतात, म्हणून कुणी हळहळत नाही. प्रवेशाच्या काउंटरवर मात्र सुटे परत मिळत नाहीत. साडेपाचशे मार्कांवर साडेचारशेचा कोर्स घेतला की मधले शंभर कुठे गेले, ही रुखरुख लागते. त्या शंभर मार्कांसाठी दोन वर्षं पहाटे उठलेलं असतं, आईबापांनी लातूरला खोली करून दिलेली असते. ती रुखरुख खोटी नाही. फक्त तिच्यामागचा हिशेब तपासून बघण्यासारखा आहे.

कटऑफ म्हणजे काय? ती जागा घेणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्याचे मार्क. कॉलेज किती चांगलं, काम किती मोलाचं, ते तुम्हाला जमेल का, यातलं काहीही तो आकडा थेट मोजत नाही. जागा किती होत्या आणि किती जणांना हव्या होत्या, एवढंच तो सांगतो. २०२५ मध्ये बावीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सरकारी-खाजगी मिळून लाख-सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी, परवडणाऱ्या जागा आणखी कमी. आकडा वर जाणारच. म्हणजे कटऑफची यादी हा इतरांच्या इच्छांचा प्रतिध्वनी आहे. ती बघून आपली पसंती ठरवायची म्हणजे बाकीच्यांना जे हवं होतं तेच आपल्यालाही हवं, असं गृहीत धरायचं. आणि त्या बाकीच्यांनी तरी कशावरून ठरवलेलं असतं? त्याच्या आदल्या वर्षीच्या कटऑफवरून.

हे किती विचित्र असू शकतं ते बघायचं तर एमबीबीएसच्या पुढच्या पायरीकडे बघा. नीट-पीजीत सध्या रेडिओलॉजी आणि त्वचारोगाच्या जागा भराभर संपतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीच्या जागा दरवर्षी उरतात. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. आता कटऑफवरून किंमत ठरवायची तर ॲनाटॉमी जवळपास फुकट. पण ॲनाटॉमी शिकवणारा माणूस नसेल तर पहिल्या वर्षाच्या पुढे एकही डॉक्टर तयार होणार नाही, रेडिओलॉजिस्टसुद्धा नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे या सगळ्यात मला एका गोष्टीची जास्तच गंमत वाटते. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशांवर एक छोटासा निबंध लिहिला. पसंतीक्रम घेऊन विद्यार्थी आणि कॉलेजं यांच्या जोड्या कशा लावायच्या, याची पद्धत त्यात होती. (शेपली यांना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) विद्यार्थ्यांच्या बाजूनं ही पद्धत चालवली की तिचा एक गुण असा असतो: तुम्ही तुमची पसंती जशीच्या तशी खरी लिहिलीत तर तुमचं नुकसान होत नाही. चलाखी करून काही पदरात पडत नाही. आपल्या एका मेरिट लिस्टच्या प्रवेशाचा गाभा तर याहूनही सोपा आहे. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीत वरून पहिली शिल्लक असलेली जागा तुम्हाला मिळते. कोटे, फेऱ्या आणि दरवर्षी बदलणारे नियम यांनी गुंता वाढतो, हे खरं. तरी मूळ प्रश्न बदलत नाही: तुला आधी काय हवं, मग काय हवं? या सगळ्या धामधुमीत मुलाला हा प्रश्न विचारणारं एकमेव कुणी असेल तर तो कॉम्प्युटर. आणि आपण त्याचं उत्तर गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफवरून कॉपी करतो.

आता ज्या मुलीमुळे हे सगळं डोक्यात आलं तिच्याविषयी. माझी मामेबहीण. मामांचं अंबाजोगाईजवळच्या गावात कृषी सेवा केंद्र आहे आणि थोडी शेती. तिला २०२५ च्या नीटमध्ये साडेपाचशेच्या वर मार्क पडले. त्या वर्षीच्या फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं होतं, त्यामुळे तेवढ्या मार्कांवर सरकारी एमबीबीएस सहज मिळत होतं. पण तिनं आयसरची परीक्षाही दिली होती. तिथे बीएस-एमएस हा पाच वर्षांचा सलग कोर्स असतो, त्याला नीट चालत नाही, वेगळी परीक्षा असते. साठ प्रश्नांतले पंधरा गणिताचे. हिचं गणित अकरावीलाच सुटलेलं, तरी ती यादीत आली होती.

आयसर का, तर बोंडअळी. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस खाल्ला तेव्हा ही प्राथमिक शाळेत होती. दुकानात येऊन लोक तिच्या वडिलांना विचारायचे, बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणाला होतात ना? वडिलांकडे उत्तर नव्हतं. पुढे बारावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आला आणि तिला उत्तराचं टोक सापडलं. ज्या थोड्या अळ्या विषाला पुरून उरल्या त्यांचीच पिल्लं वाढत गेली. तिला त्याच्या पुढचं हवं होतं.

मामांनी मला फोन केला. “तू शिकलेला आहेस, पुण्यात राहतोस, जरा समजावून सांग तिला. एवढे मार्क वाया घालवायला निघालीय.”

मामांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे आधी सांगतो. ‘मनाला आवडेल ते कर’ असं सांगणारे व्हिडिओ मला आवडत नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला आयुष्याची आवड ठाऊक असेल असं धरून चालणं हासुद्धा एक प्रकारचा छळच आहे. शिवाय आवडीमागे जाण्याची ऐपत सगळ्यांकडे सारखी नसते. बीएस-एमएस पाच वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा, मग परदेशात दोन-तीन, मग कुठेतरी कायमची नोकरी. मिळाली तर. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि त्यानंतर काहीच नाही जमलं तरी तालुक्याला पाटी लावता येते. ज्या घरात दोन वर्षं लागोपाठ पाऊस फिरला तर हप्ते थकतात, त्या घरानं त्या पाटीकडे बघावं यात लोभ नाही. मामा जर म्हणाले असते की मला भीती वाटते, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ते भीतीचं नाव घेत नव्हते, ते मार्कांचं नाव घेत होते. भीतीवर बोलता येतं. खर्च किती, शिष्यवृत्ती किती, वाईटात वाईट काय होईल, हे कागदावर मांडता येतं. ‘मार्क वाया जातील’ यावर बोलणंच खुंटतं.

मामींनी वेगळा मुद्दा काढला आणि तो जास्त अवघड होता. म्हणाल्या, “देवानं बुद्धी दिली ती लोकांच्या उपयोगाला यायला नको का? सरकार एवढा खर्च करून डॉक्टर करतं.” म्हणजे मार्क हे ऋण आहे, आणि ते डॉक्टर होऊन फेडायचं.

यावर मी बराच विचार केला. पहिली गोष्ट साधी आहे. हिनं जागा सोडली तर ती रिकामी राहत नाही, यादीत हिच्यामागे असलेल्या कुणाला तरी मिळते. महाराष्ट्राला डॉक्टर एकही कमी मिळत नाही. जागा वाया जाते ती नको असताना घेऊन मध्येच सोडली तर.

दुसरी गोष्ट मार्कांबद्दलची. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक जातो. म्हणजे एका गोळ्याच्या फरकानं पाच मार्क इकडचे तिकडे, आणि गर्दीच्या पट्ट्यात पाच मार्क म्हणजे हजारो क्रमांक. यात नशीब किती हे जगानं ओळखलेलंच नाही असं नाही. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकापासून मेडिकलच्या जागा लॉटरीनं वाटायचे. ज्याचे मार्क जास्त त्याच्या नावाची संधी जास्त, पण सोडत ती सोडतच. नव्वदच्या दशकात एका अत्यंत हुशार मुलीला पुन्हा पुन्हा नकार मिळाला, देशभर आरडाओरडा झाला, आणि दहापैकी आठच्या वर सरासरी असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. २०१७ मध्ये लॉटरी बंद केली, मग काही वर्षांतच कॉलेजांना ती पुन्हा वापरायची मुभा दिली. हार्वर्डमध्ये शिकवणारे मायकेल सँडेल यांनीही त्यांच्या देशातल्या नामांकित विद्यापीठांसाठी अशीच सूचना केलीय: पात्र कोण ते ठरवा आणि मग चिठ्ठ्या टाका. त्यांचा हेतू असा की ज्याला जागा मिळाली त्याला हे सगळं आपल्याच कर्तबगारीचं, असं वाटू नये. मला स्वतःला लॉटरी पटत नाही. आपल्याकडे तर चिठ्ठ्या कोण टाकतंय यावरूनच मोर्चे निघतील. पण त्यामागचा विचार पटतो. नशिबाचा वाटा मोठा असेल तर मामींचं म्हणणं उलट बळकट होतं: जे पूर्णपणे आपलं नाही त्याचं ऋण लागतंच. फक्त ते कशानं फेडायचं हे कटऑफच्या यादीत लिहिलेलं नसतं. बोंडअळीवर काम करणारा माणूसही लोकांच्याच उपयोगाचा असतो.

मी तिला उपदेश केला नाही. एक एक्सेल शीट करून पाठवली. एमबीबीएस, आयसर, कृषी पदवी, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंगसुद्धा. प्रत्येकासमोर किती वर्षं, किती खर्च, सुटी कधी, आणि तिसऱ्या वर्षातला एक साधा मंगळवार कसा जातो, हे त्या-त्या ठिकाणी शिकणाऱ्यांना विचारून भरलं. कटऑफचा कॉलम हाइड केला आणि सांगितलं, आता क्रम लाव.

पहिल्या दिवशी तिनं आयसर वर ठेवलं, दुसऱ्या दिवशी एमबीबीएस. मी कारण विचारलं. अकरावीत असताना ती आजीजवळ अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस राहिली होती. ती म्हणाली, “दादा, बोंडअळीचा प्रश्न मला आवडतो. पण तो नाही सुटला तर कुणी माझ्या तोंडाकडे बघत बसलेलं नसतं. वॉर्डात बघत असतात. मला ते घाबरवतं, पण मला तिथंच उभं राहायचंय.” मी विचारलं, हे मार्कांमुळे तर नाही ना? ती म्हणाली, “कमी पडले असते तर रिपीट केलं असतं, नाहीतर नर्सिंग घेतलं असतं.”

मामांनी पेढे वाटले. पोरीनं ऐकलं म्हणून ते खूश आहेत आणि मी त्यांची समजूत दुरुस्त करायला गेलो नाही. ऑफिसात मित्राला हे सांगितलं तर तो हसला. एवढं रामायण करून शेवटी एमबीबीएसच ना? यादी बघून घेतलं असतं तरी तेच मिळालं असतं.

बरोबर आहे. आमच्या कामातही असं होतं. दोन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच इनपुटला एकच उत्तर देतात, टेस्ट दोन्ही पास होतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला कोड एकच वाटतो. फरक दिसतो इनपुट बदललं की. साडेपाच वर्षांनी तिच्यासमोर नीट-पीजीची यादी येईल. तेव्हा रेडिओलॉजी वर असेल, किंवा तोवर आणखी कशाचा भाव चढलेला असेल. समजा तिला चांगली रँक मिळाली आणि तिला वॉर्डातच राहायचं असलं, मेडिसिन किंवा बालरोग घ्यायचं असलं, तर मामा मला पुन्हा फोन करतील. या वेळी ते ‘मार्क’ऐवजी ‘रँक’ म्हणतील. ती शीट मी डिलीट केलेली नाही, पण तेव्हा ती तिला लागेल असं मला वाटत नाही.