वेगाचे वाटेकरी

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या स्नेह्याच्या घरी सांत्वनाला जाण्याचा प्रसंग आला. चोवीस वर्षांचा मुलगा पहाटेच्या वेळी पुणे-बंगळूर महामार्गावर उभ्या ट्रकवर मागून आदळला आणि जागच्या जागी गेला. वेग फार होता, एवढेच सर्वांना ठाऊक. अशा घरी बोलण्यासारखे काही नसते. आपण चटईवर बसतो, चहाला नको म्हणतो आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहायचे टाळतो. मी उठू लागलो तेव्हा स्नेही म्हणाले, ‘‘सर, चूक पोराची. ते मी कुणाला विचारत नाही. पण ज्या रस्त्यावर पाटी शंभराची, त्या रस्त्यासाठी दोनशेनं पळणारी गाडी मला विकली कशाला?’’

मला उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावरही तो प्रश्न पाठ सोडीना. आज तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

सकृद्दर्शनी उत्तर सोपे आहे. सुरी करणारा लोहार खुनाला जबाबदार नसतो. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही, निवड हाताची. मोटार करणारा मोटार करतो, ती कशी हाकायची हे चालवणाऱ्याने ठरवायचे. या युक्तिवादात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. माणसाला त्याच्या कृतीचा धनी मानले नाही तर नीतीचा पायाच उखडतो. पोराच्या बापानेही ते पहिल्याच वाक्यात मान्य केले होते.

परंतु कारखानदाराचे उत्तरदायित्व गाडी दारातून बाहेर पडताच संपते, ही समजूत न्यायालयांनी केव्हाच मोडीत काढली आहे. अमेरिकेत १९६४ साली एक कॉर्व्हेअर मोटार समोरासमोर धडकली आणि तिच्या सुकाणूचा दांडा मागे सरकून चालकाच्या डोक्यावर बसला. जनरल मोटर्सचे म्हणणे असे की, मोटार धडकण्यासाठी बनवलेली नसते, तेव्हा धडकेत काय घडते याची जबाबदारी आमच्यावर नाही. १९६८ साली अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. मोटार धडकण्यासाठी बनवीत नाहीत हे खरे, पण मोटारी धडकतात हे बनवणाऱ्याला पुरते ठाऊक असते. जे ठाऊक आहे त्याची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य.

पुढे फोर्ड कंपनीच्या पिंटो मोटारीचा खटला गाजला. तिची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्याही मागे होती. १९७२ साली रस्त्यात बंद पडलेल्या अशा एका मोटारीला मागून धडक बसली आणि तिने पेट घेतला. चालवणारी बाई दगावली, सोबतचा मुलगा भयंकर भाजला. टाकीचा धोका कंपनीला आधीच्या चाचण्यांतून कळला होता आणि तो थोड्या खर्चात टळण्याजोगा होता, असा पुरावा पुढे आला. ज्यूरीने १९७८ साली साडेबारा कोटी डॉलरचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो पस्तीस लाखांवर आणला, पण १९८१ साली अपिलातही दोष कायम राहिला. मागून आदळणारा चालक होता म्हणून टाकी निर्दोष ठरली नाही.

आपल्याकडे अपघाताची भरपाई मागायची ती चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याकडे, कारखानदार त्या चित्रात सहसा येतच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र सदोष उत्पादनाची जबाबदारी स्वतंत्रपणे मांडली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईविरुद्धचा एक निकाल कायम केला. धडकेत हवेच्या पिशव्या उघडल्या नव्हत्या. ग्राहकाने धडकेच्या जोराचे गणित मांडून पाहावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. सामान्य माणसाच्या बाजूने इतके स्वच्छ बोलणे विरळाच.

येथपर्यंत वाट स्पष्ट आहे. टाकी फुटली, पिशवी उघडली नाही, म्हणजे दोष दाखवता येतो. पण माझ्या स्नेह्याच्या मुलाच्या गाडीत काहीच बिघडलेले नव्हते. तिने सांगितले तेवढे केले आणि तेच प्राणघातक ठरले. शिवाय त्याच २०१९ च्या कायद्यात अशीही तरतूद आहे की, वस्तूचा गैरवापर झाला असेल तर ती विकणाऱ्यावर दावा चालत नाही. मर्यादेपलीकडचा वेग हा गैरवापरच, असे कोणताही वकील म्हणेल. कायदा येथे थांबतो. विचाराने थांबावे काय?

शंभराच्या वेगातील गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १२-१३ मजल्यांवरून खाली पडणे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, दोनशेला तर मजले पन्नासाच्या घरात जातात. आता सुरीचा दाखला पुन्हा तपासू. सुरीला धार लागतेच, धारेवाचून ती सुरी नव्हे. मोटारीला दोनशेचा वेग लागतो काय? आपल्या देशात कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर एकशेवीसच्या पुढे जायची मुभा नाही. म्हणजे त्यापुढचा सगळा वेग हा ज्याचा कायदेशीर उपयोग करताच येत नाही असा माल. तो विकला जातो, जाहिरातीत मिरवला जातो, आणि खरेदीदाराने वापरला की त्याला गैरवापर म्हणतात! लोहार सुरी विकताना ती गळ्यावर किती छान चालते हे सांगत नाही.

बरे, वेग बांधता येत नाही असेही नाही. ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक ट्रक-बसगाड्यांना आपल्या सरकारनेच ताशी ८० चा लगाम सक्तीचा केला. व्होल्वोने २०२० पासून आपल्या मोटारी १८० वर रोखल्या. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला रस्त्याची वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा असावी लागते. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारी ऐंशीला टुकटुकतात आणि एकशेवीसनंतर अखंड ओरडतात. ओरडतात, पण थांबत नाहीत. ज्या यंत्राला वेग कळतो त्याला तो आवरताही आला असता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एकशेवीसला लगाम घातला तरी गावाच्या वेशीत ऐंशीने येणारी गाडी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला मारायची ती मारेलच. तेथे यंत्र नव्हे, चालकाचे तारतम्यच हवे. आणि दोष कंपनीचा म्हटले की तरुण अधिकच बेफिकीर होतील, ही भीतीही खोटी नाही.

या भीतीच्या मुळाशी मात्र एक गैरसमज आहे. जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की एकाने चतकोर घेतला म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी व्हावा. वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणी ऐकली. घरच्यांनी त्याच्या लुटीवर पोट भरले, पण पापाचे वाटेकरी व्हाल का विचारताच सारे हात झटकून मोकळे झाले. वाल्याचे पाप त्यामुळे कमी झाले नाही, आणि घरच्यांची भरलेली पोटेही त्यामुळे पवित्र ठरली नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी अहवालाने त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नावे अतिवेग लिहिला. या वेगाच्या नफ्याला वाटेकरी पुष्कळ आहेत, पापाला एकच, आणि तो बहुधा मेलेला असतो.

म्हणून माझे मत असे: भरधाव गाडीच्या प्रत्येक मृत्यूसाठी कारखानदाराला कोर्टात खेचणे न्यायाचे नाही. पण ज्याने मर्यादेबाहेरचा वेग हेच आमिष म्हणून विकले, आणि तो आवरण्याचे साधन हाती असून बसवले नाही, त्याला गैरवापराच्या आडोशाला उभे राहू देऊ नये. चालकाचा दोष पूर्ण धरावा आणि त्याचाही धरावा.

आपलाही वाटा त्यात आहेच. पाडव्याला नवी गाडी दारात येते, आपण हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, आणि पहिला प्रश्न विचारतो तो, ‘‘किती पळते?’’ पुण्याहून किती तासांत आलो हे चारचौघांत सांगताना आपला आवाज चढतो. लहान मुले ते ऐकत असतात.

दिवाळीआधी पुन्हा त्या घरी गेलो. स्नेह्यांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘कंपनीचं ते बघतील कोर्टवाले. किल्ली मी दिली होती, सर. माझा वाटा मी घेतलाय.’’

आपला वाटा घेतलेला त्या साखळीतला तो एकच माणूस मला भेटला आहे.